गाणं आवडतं, पण मत पटत नाही!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शालेय शिक्षण कल्याणच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठीच्या मॅडमनी माफ करावं. मला मराठी जे काही येतं ते पुस्तकांतून कमी आणि आजोबांच्या रेडिओतून जास्त आलेलं आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिन्याच्या सुट्टीत जायचो, तेव्हा सकाळी चुलीवर पाणी तापत असायचं आणि पडवीत रेडिओ लागलेला असायचा. अर्थ कळायच्या आधी चाली पाठ झाल्या, आणि अर्थ कळायला लागल्यावर प्रश्न सुरू झाले!

तो प्रश्न असा. एखाद्या कलाकाराचं गाणं आपल्याला मनापासून आवडतं, पण त्याचे राजकीय विचार आपल्याला अजिबात पटत नाहीत. मग ते गाणं ऐकावं की नाही? आणि ऐकलं तर आपण आपल्या विचारांशी बेइमानी करतो का?

तुम्ही म्हणाल, सबमिशन आणि व्हायवा सोडून हा कसला अभ्यास? पण मागच्या वर्षी गॅदरिंगच्या आधी या एका प्रश्नावरून माझी रूममेट आणि मी आठ दिवस एकमेकींशी बोललो नाही. खोली एक, पंखा एक, आणि दोघी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. म्हणून हा विषय मी नीट बसून वाचला, विचारला, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

भांडण कशावरून?

गॅदरिंगच्या मराठी सुगम संगीतात मी 'गीतरामायणा'तलं एक गाणं निवडलं होतं. रूममेट तबला आणि ढोलकी दोन्ही उत्तम वाजवते. तिच्या वडिलांची भीमगीतांची पार्टी आहे. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकतच ती मोठी झाली आणि तिचा हात तिथेच तयार झाला. मी गृहीतच धरलं होतं की साथीला ती बसणार. गाण्याचं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "बाकी सगळं वाजवीन, हे नाही."

मी विचारलं, का? ती म्हणाली, "गाणारे सुधीर फडके संघाचे. आणि आमच्या घरात रामायण म्हटलं की पहिल्यांदा शंबूक आठवतो." मी पटकन बोलून गेले, "अगं, गाणं ते गाणं असतं, त्यात पॉलिटिक्स कशाला आणतेस?" झालं! त्या वाक्यानंतर आमचं बोलणं बंद.

तिच्या बोलण्यामागे काय आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ होता. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या भागावरून मोठा वाद पेटला, विरोधात मोर्चे निघाले आणि उत्तरादाखल दलित समाजाचेही प्रचंड मोर्चे मुंबईत निघाले. तिचे वडील तेव्हा शाळेत होते आणि मोठ्या भावाचं बोट धरून मोर्चात गेले होते. म्हणजे मी ज्याला 'पॉलिटिक्स' म्हणून बाजूला सारत होते, ती त्यांच्या घरची आठवण होती.

बाबूजी आणि गदिमा

मग मी 'गीतरामायण' मुळातून समजून घ्यायचं ठरवलं. आकाशवाणीचं पुणे केंद्र तेव्हा नवीन होतं. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथा गाण्यांतून सांगायचं मान्य केलं, संगीत दिलं सुधीर फडक्यांनी. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गाणं प्रसारित झालं. मग वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गाणी झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा कितीतरी जणांनी ती गायली.

आता गंमत बघा. फडके, म्हणजे सगळ्यांचे बाबूजी, हे संघाचे स्वयंसेवक आणि सावरकरांचे निस्सीम भक्त. लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी 'वीर सावरकर' हा चित्रपट काढला. तो २००१ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी बाबूजी गेले. म्हणजे त्यांचं राजकारण ही काही लपलेली किंवा तोंडी लावण्यापुरती गोष्ट नव्हती, आयुष्यभराची निष्ठा होती. आणि गदिमा? ते काँग्रेसच्या बाजूचे, विधान परिषदेचे सदस्य. एकाच्या शब्दांवर दुसऱ्याने चाल बांधायची आणि दोघांची मतं दोन टोकांना! तरी आठवड्याला एक गाणं वर्षभर निघालं. चाल बांधताना मतभेद आड आले असते तर दुसऱ्याच आठवड्यात कार्यक्रम बंद पडला असता.

अजून एक गोष्ट आपल्या भागातली आहे, म्हणून मुद्दाम सांगते. दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्याला ते लागून होते. (तो भाग आता २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) १९५४ च्या जुलैमध्ये दादरा मुक्त झाला आणि २ ऑगस्टला सिल्वासा. या मोहिमेत बाबूजी स्वतः उतरले होते. त्याच लढ्यात दुसऱ्या बाजूने वारली आदिवासी आणि लाल बावट्याचे कार्यकर्तेही उतरले होते, ज्यांना गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ पासून तलासरी-डहाणूत उभं केलं होतं. संघवाले आणि कम्युनिस्ट एकमेकांना पाण्यात बघणारे, पण पोर्तुगीज ठाण्यावर दोघेही चालून गेले. आपली मतं म्हणजे दोन बंद डबे नाहीत हे मला पहिल्यांदा इथे कळलं.

आजोबांचा रेडिओ

त्या आठ दिवसांत एक शनिवार आला. मी आटगावहून शहापूर गाठलं आणि तिथून मुरबाडची एसटी पकडून गावी गेले. आजोबांना सगळं सांगितलं.

आजोबांबद्दल थोडं. ते १९६६ साली मुंबईला गिरणीत लागले, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप चिघळला, गिरणी गेली आणि ते गावी परत आले ते कायमचे. संघाचं नाव काढलं तर आजही दोन शब्द सुनावतात. आणि रेडिओवर 'गीतरामायण' लागलं की त्यांच्यासमोर कोणी बोलायचं नाही!

मी विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे चालतं कसं?"

ते म्हणाले, "बाय, दोस्त लोक मलापण चिडवायचे. कॉम्रेड राम राम करायला लागला म्हणायचे. मी म्हणायचो, रात्रपाळी करून आलो की डोक्यात साचे चालू असायचे. त्या माणसाचा आवाज लागला की ते बंद पडायचे. मग त्याला मत विचारत बसू?"

मला वाटलं, मिळालं उत्तर! रूममेटला आता हेच ऐकवायचं. पण आजोबा पुढे जे बोलले त्याने माझी पंचाईत केली.

"पण एक आवाज मला खूप वर्षं ऐकवला नाही," ते म्हणाले. "शाहीर साबळ्यांचा."

शाहीर साबळे म्हणजे पसरणीचे कृष्णराव साबळे. तरुणपणी साने गुरुजींच्या प्रभावाखाली आलेले. १९६० च्या दशकात मुंबईतल्या मराठी माणसाच्या उपेक्षेवर त्यांनी 'आंधळं दळतंय' हे लोकनाट्य केलं. शिवसेनेच्या उभारणीच्या त्या काळात ते खूप गाजलं. पुढे ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि तो आरोप शिवसैनिकांवर आला. आजोबा त्याच वस्तीत राहायचे, वय जेमतेम बावीस. अंत्ययात्रेत चालले होते.

"शाहिरांचा त्यात काय दोष? काहीच नाही," आजोबा म्हणाले. "मला कळत होतं. पण त्यानंतर तो पहाडी आवाज लागला की मला ते दिवस दिसायचे. मी उठून बाहेर जायचो."

'जय जय महाराष्ट्र माझा' हे राजा बढे यांचं गीत, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आवाज शाहीर साबळ्यांचाच. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ते राज्यगीत म्हणून स्वीकारलं. त्यानंतर गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदनाला ते लागतं. मी विचारलं, मग आता? आजोबा म्हणाले, "उभा राहतो की. पोरं म्हणतात त्यात, कसा बाहेर जाणार? आणि आता पन्नास वर्षं झाली." थोडं थांबून म्हणाले, "पण त्या वेळी मला कोणी दंडाला धरून बसवलं असतं ना, तर आजही उभा राहिलो नसतो."

एसटीत परत येताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. एकच माणूस. राजकारण न पटणाऱ्या दोन कलावंतांपैकी एकाचं गाणं डोळे मिटून ऐकतो आणि दुसऱ्याचं ऐकूच शकत नाही. म्हणजे प्रश्न फक्त कलाकाराच्या मताचा नाही. ते राजकारण ऐकणाऱ्याला किती जवळून लागलं आहे, त्याचाही आहे. आजोबांना १९७० जवळून लागलं. रूममेटच्या घराला १९८७ जवळून लागलं. मला यातलं काहीच लागलेलं नाही, म्हणून "गाणं ते गाणं" म्हणणं मला सोपं गेलं!

याचं उलटं उदाहरणही आमच्याच घरात आहे. माझे पप्पा संपाचा सगळा दोष युनियनवाल्यांना देतात, लाल झेंडा दिसला तरी चिडतात. पण अंघोळ करताना 'माझी मैना गावावर राहिली' गुणगुणतात! ही लावणी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिली. अण्णाभाऊ पक्के कम्युनिस्ट. शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "असू दे, गाणं चांगलं आहे." घ्या!

सुपरपोझिशन थिअरम

आता आपल्या अभ्यासाकडे येते. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी सुपरपोझिशन थिअरम केलेला आहे. सर्किटमध्ये दोन-तीन सोर्स असतील तर एका वेळी एकच चालू ठेवायचा. बाकीचे व्होल्टेज सोर्स शॉर्ट करायचे, करंट सोर्स ओपन करायचे. प्रत्येकाचं वेगळं उत्तर काढायचं आणि शेवटी बेरीज करायची.

'कला वेगळी आणि कलाकाराचं राजकारण वेगळं' असं म्हणणारे लोक नेमकं हेच करतात. राजकारणाचा सोर्स थोडा वेळ बंद ठेवून फक्त सुराचा करंट मोजतात. आणि त्यात चूक काहीच नाही! बाबूजींचा शब्दोच्चार, गदिमांची रचना, हे समजून घ्यायचं तर एकेक सोर्स वेगळा बघावाच लागतो. चूक होते ती शेवटची बेरीज विसरल्यावर. बंद केलेला सोर्स सर्किटमधून काढून टाकलेला नसतो. तो तिथेच असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा थिअरम व्होल्टेज आणि करंटला चालतो, पॉवरला चालत नाही. एक ओहमच्या रेझिस्टरमधून एका सोर्समुळे २ अँपिअर आणि दुसऱ्यामुळे ३ अँपिअर जात असतील, तर वेगवेगळी पॉवर ४ आणि ९, बेरीज १३ वॅट. पण खरी पॉवर ५ चा वर्ग, म्हणजे २५ वॅट! व्हायवाला हमखास विचारतात आणि आपण हमखास चुकतो.

मराठीत पॉवर म्हणजे सत्तासुद्धा. मी इयरफोन लावून एकटी ऐकते तेव्हा प्रश्न फक्त करंटचा असतो. तिथे गाणं आणि राजकारण वेगळं करायला मला कोणी अडवू नये. पण मेसमधल्या स्पीकरवर, गॅदरिंगच्या स्टेजवर, झेंडावंदनाला कोणतं गाणं लागेल हे जेव्हा कोणीतरी ठरवतं आणि बाकीच्यांना ते ऐकावंच लागतं, तेव्हा तिथे पॉवर आली. मग "गाणं ते गाणं" हे उत्तर १३ वॅटचं आहे, म्हणजे चुकीचं आहे.

सरकारने हीच चूक मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. आणीबाणीत किशोरकुमारने सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारात सहभागी व्हायला नकार दिला. ४ मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. इथे एखादा श्रोता स्वतःच्या मनाने उठून गेला नव्हता, स्पीकरची किल्ली हातात असणाऱ्याने सगळ्या देशाचे कान बंद केले होते. मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तोही तसाच प्रकार. तेव्हा मला न आवडणाऱ्या मताच्या गायकावर बंदी घाला असं मी कधीच म्हणणार नाही. आज तो, उद्या आपला.

जेरुसलेममधली एक रात्र

जगात या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जर्मन संगीतकार वॅग्नरचं आहे. त्याने १८५० मध्ये ज्यू लोकांविरुद्ध विषारी निबंध लिहिला होता. पुढे हिटलरला त्याचं संगीत फार प्रिय. १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वाद्यवृंदाने वॅग्नर वाजवणं थांबवलं. इस्रायल झाल्यावरही तो पायंडा टिकला. कायदा नाही, पण तिथे छळछावणीतून वाचलेले लोक हयात होते.

७ जुलै २००१ ला डॅनियल बॅरेनबॉइम यांचा जेरुसलेममध्ये कार्यक्रम होता. ते स्वतः ज्यू. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर त्यांनी श्रोत्यांना विचारलं की वॅग्नर वाजवू का. सभागृहात साधारण अर्धा तास वादावादी झाली. काही जण ओरडत, दारं आपटत निघून गेले. उरलेल्यांसाठी त्यांनी वॅग्नर वाजवलं. त्यांच्यावर पुष्कळ टीकाही झाली. मला त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटली. त्यांनी आधी विचारलं, आणि दार उघडं ठेवलं.

मग आम्ही काय केलं?

मी रूममेटला आधी सॉरी म्हटलं. गाण्यासाठी नाही, "पॉलिटिक्स कशाला आणतेस" या वाक्यासाठी. ती म्हणाली, "तू गा गं, मी कुठे अडवलं? मी वाजवणार नाही एवढंच." आठ दिवस आम्ही याच्यावरच भांडत होतो आणि तिने मला गाऊ नको असं एकदाही म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गॅदरिंगला मी तबल्याशिवाय, मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर गायले. त्या आधी ती उठून विंगेत गेली. पुढचं गाणं 'माझी मैना'. त्याला ती परत येऊन ढोलकीवर बसली आणि हॉल तिनेच डोक्यावर घेतला. रात्री खोलीत आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात सूर उतरला होता तुझा." म्हणजे विंगेतून ऐकत होती!

तिचं मत बदललं का? नाही. माझं गाणं सुटलं का? नाही. पंखा मात्र आता दोघींच्या पसंतीने दोनवर असतो.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

अभ्यासलेख आहे, तेव्हा शेवटी मुद्दे दिलेच पाहिजेत.

एक : न पटणारं मत गाण्याच्या आत आहे की बाहेर? गाण्यातच कोणाचा अपमान असेल तर चाल कितीही गोड असली तरी विचार करा. मत फक्त गाणाऱ्याच्या आयुष्यात असेल तर गोष्ट वेगळी.

दोन : ते राजकारण कोणाला लागलं आहे? मला लागलं नसेल तर माझी सहनशीलता ही काही मोठी फुशारकी नाही.

तीन : माझ्या ऐकण्यातून त्या राजकारणाला बळ मिळतं का? कलाकार हयात आहे आणि गाण्याचे पैसे, गर्दी, टाळ्या तो प्रचाराला वापरतो आहे, तर तिकीट काढण्याआधी थांबा. जुनी ध्वनिमुद्रिका घरी ऐकणं वेगळं.

चार : स्पीकर कोणाच्या हातात आहे? एकटे ऐकत असाल तर मोकळेपणाने ऐका. दुसऱ्यांना ऐकवत असाल तर आधी विचारा, आणि उठून जाणाऱ्याकडे रागाने बघू नका.

आणि एक विनंती. कलाकाराचं राजकारण माहीत करून घ्यायला घाबरू नका. बाबूजींच्या निष्ठा कळल्यावर मला त्यांचं गाणं कमी आवडेल अशी मला भीती होती. तसं झालं नाही. फक्त आता ते ऐकताना पडवीतला रेडिओ, रात्रपाळीहून आलेले आजोबा आणि विंगेत उभी असलेली माझी मैत्रीण, सगळेच आठवतात. बेरीज पूर्ण होते.

तेव्हा मेसमध्ये पुढच्या वेळी कोणी "हे गाणं बंद कर गं" म्हणालं, तर आवाज वाढवण्याआधी एकदा "का?" असं विचारून बघा.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल